जुनी डिझेल गाडी : गळती, सकाळचा लांबलेला सेल आणि पांढरा धूर

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)

नमस्कार मंडळी. वडिलांनी २००४ साली घेतलेली डिझेल गाडी अजून आमच्या दारात आहे आणि ती विकायची नाही, एवढे घरात ठरलेले आहे. मॉडेलचे नाव मुद्दाम लिहीत नाही. वीस वर्षे ओलांडलेल्या कोणत्याही डिझेल गाडीला ही दुखणी जडू शकतात, आणि नाव आले की चर्चा ‘ती गाडी घ्यायलाच नको होती’ या वळणावर जाते. इंजिन चार सिलिंडरचे, इनडायरेक्ट इंजेक्शनचे आणि बिनटर्बोचे आहे. इंजेक्टरांना, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलांना, दाबाने डिझेल देणारा पंप रोटरी प्रकारचा असून तो टायमिंग बेल्टवर फिरतो.

तक्रारी तीन आहेत. पहिली अशी की, रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू होते, काही सेकंद चालते, बंद पडते आणि मग बराच वेळ सेल (स्टार्टर) मारल्याशिवाय पुन्हा उठत नाही. तोंड चढाकडे करून उभी केली असेल तर हा त्रास हमखास होतो. सपाटीवर कमी होतो. दुसरी, पंपाखालचा सगळा भाग डिझेलने ओला असतो, त्यावर आमच्याकडची काळी धूळ बसून जाड लेप झाला आहे, आणि फरशीवर डाग पडतो. तिसरी, थंडीत पहिली एक-दोन मिनिटे पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो आणि इंजिन थरथरते. गरम झाल्यावर मात्र गाडी अगदी शहाण्यासारखी चालते.

एका मिस्त्रींनी पंप संपला असे सांगितले. दुसऱ्यांनी पंपाला हातही न लावता पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत, हाफ इंजिन (इंजिन उघडून पिस्टन-रिंगांचे काम) करा, असे सुचवले. दोन्ही खर्च मोठे आहेत आणि दोन्ही सल्ले बॉनेट उघडून पाच मिनिटांत मिळालेले आहेत. खर्चाआधी निदान कोणत्या क्रमाने करावे, हे जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील.

---

तेलकट हात (जालना)

दुधनाकाठ, पंप आणि हाफ इंजिन हे दोन्ही सल्ले तूर्त बाजूला ठेवा. तीन तक्रारी एकाच वेळी दिसत असल्या, तरी त्यांचे कारण एक असेलच असे नाही. त्या एकेक करून सोडवाव्या लागतील.

आधी सकाळचा सेल. तुमच्या प्रकारच्या बहुतेक गाड्यांत टाकीत वेगळा विजेचा पंप नसतो. रोटरी पंपाच्या पोटातलाच छोटा व्हेन पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाइन इंजिन चालू असताना ओढीखाली असते. अशा लाइनला बारीक भेग पडली, तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. भेगाळलेल्या नळीने शहाळे प्यायल्यासारखा प्रकार. इंजिन बंद झाले की त्याच भेगेतून हवा शिरते आणि लाइनमधले डिझेल उताराने टाकीकडे परत जाते. सकाळी पंपाच्या पोटात उरलेल्या डिझेलवर गाडी चालू होते, ते संपताच हवेचा गोळा येतो आणि ती बंद पडते. तोंड चढाकडे असताना टाकी इंजिनच्या खाली जाते, म्हणून त्रास वाढतो. तुम्ही दिलेली ही एक खूण मिस्त्रींना पुरेशी असायला हवी होती.

तेव्हा या तक्रारीसाठी ओल शोधू नका, बुडबुडे शोधा. फिल्टर आणि पंप यांच्यामधला रबरी पाइप काढून तिथे तात्पुरता पारदर्शक पाइप बसवा. इंजिन चालू असताना त्यातून सतत बारीक बुडबुडे जात असतील, तर अलीकडे कुठेतरी हवा घेतली जात आहे. त्यानंतरची परीक्षा अधिक निर्णायक आहे. एका स्वच्छ कॅनमध्ये गाळलेले डिझेल घ्या, तो कॅन पंपापेक्षा उंच पण घट्ट बांधून ठेवा, पंपाला थेट त्यातून पुरवठा द्या आणि पंपाचा रिटर्नही (उरलेले डिझेल परत नेणारा पाइप) त्याच कॅनमध्ये सोडा. या जोडणीने गाडी रस्त्यावर न्यायची नाही. रात्रभर उभी ठेवून सकाळी फक्त सेल मारायचा. ती एका झटक्यात चालू होऊन चालू राहिली, तर पंप निर्दोष आहे आणि दोष टाकी ते फिल्टर या पट्ट्यात किंवा रिटर्नच्या पाइपांत आहे.

त्या पट्ट्यात कुठे पाहावे? फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप सर्वांत आधी. त्याचा रबरी पडदा वयाने चिरतो. फिल्टरची रबरी रिंग बदलताना जुनी रिंग वर चिकटून राहते आणि नवी तिच्यावर बसते, हेही वारंवार दिसते. फिल्टरच्या बुडाशी पाणी काढण्याचा प्लग असतो, त्याची रिंग पाहा. मागच्या चाकांजवळ चेसिसला क्लिपने बांधलेली लोखंडी नळी क्लिपच्या आतल्या बाजूने गंजते, कारण तिथे चिखल अडकून राहतो. वरून ती ठणठणीत दिसते. आणखी एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. इंजेक्टरांना जोडणाऱ्या बारीक रिटर्न पाइपच्या शेवटी, शेवटच्या इंजेक्टरवर, एक छोटी बंद तोंडाची रबरी टोपी असते. ती तडकली तर थोडे डिझेल झिरपते आणि गाडी उभी असताना तिथूनच हवा आत जाते.

आता बाहेरची गळती. लेप खरवडून, साबणाच्या पाण्याने पंप धुवा. इंजिन थंड असू द्या आणि अल्टरनेटर प्लास्टिकने झाका. पूर्ण वाळल्यावर अंगाला लावायची साधी पावडर पंपावर भुरभुरवा, इंजिन थोडा वेळ चालवा आणि टॉर्च व छोटा आरसा घेऊन वरून खाली पाहत या. पावडर जिथे सर्वांत उंचावर ओली झालेली दिसेल, ती गळतीची जागा. रोटरी पंपात नेहमीच्या जागा म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरच्या दांडीची ओ-रिंग, वरच्या झाकणाचे गॅस्केट, जिथून चार इंजेक्टर पाइप निघतात त्या हेडची ओ-रिंग आणि पुढच्या शाफ्टचे सील. दांडीची ओ-रिंग गळली की डिझेल पंपाच्या अंगावरून ओघळत बुडाशी जमते आणि सगळे म्हणतात, पंप खालून गळतो.

पुढच्या सीलकडे मात्र विशेष लक्ष द्या. ते बेल्टच्या कव्हरच्या आत असते. तिथून गळणारे डिझेल बेल्टवर पडते, बेल्टचे रबर फुगते, दात सुटू लागतात आणि चालत्या गाडीत बेल्ट घसरला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. त्यामुळे कव्हर उघडून पाहिल्याशिवाय ‘थोडेच तर गळते’ असे म्हणू नका. बेल्ट ओला निघाला तर गाडी तिथेच उभी करा.

पांढऱ्या धुराविषयी नंतर लिहितो. तोवर एक काम करा : डिपस्टिक काढून ऑइलची पातळी वाढली आहे का ते पाहा आणि तिचा वास घ्या.

---

मांजराकाठ (लातूर)

वरच्या प्रतिसादात एकच भर घालतो. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र धुळीने बुजले असेल, तर गाडी सकाळी नीट उठते पण अर्ध्या तासाने ताकद सोडते. झाकण उघडताच ‘फुस्स’ असा आवाज आला तर दोष तिथेच आहे. दुधनाकाठ यांचे लक्षण वेगळे आहे, पण आमच्या भागात उसाच्या हंगामात कच्च्या रस्त्याने फिरणाऱ्या गाड्यांना हे हमखास होते.

---

वाळूजकर (छत्रपती संभाजीनगर)

इतकी वर्षे न गळणारे पंप एकाएकी का गळू लागतात, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. माझे काम रबरी सीलशी संबंधित असल्याने त्यावर लिहितो.

जुन्या पंपांतील ओ-रिंगा बहुधा नायट्राइल रबराच्या असतात. डिझेलमधील अ‍ॅरोमॅटिक घटक हे रबर किंचित फुगवून ठेवतात आणि त्या फुगलेल्या स्थितीतच ती रिंग वर्षानुवर्षे जागा धरून बसते. गंधक काढून टाकण्याच्या प्रक्रियेत या घटकांचे प्रमाणही खाली येते. बीएस म्हणजे भारत स्टेज, प्रदूषणाचे सरकारी निकष. बीएस-३ डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ३५० भाग होती. बीएस-४ मध्ये ती ५० झाली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर आलेल्या बीएस-६ डिझेलमध्ये ती १० आहे. वयाने कडक झालेली रिंग नव्या डिझेलमध्ये आकसते आणि कडक असल्यामुळे पुन्हा जागा भरून काढू शकत नाही. ताजे नायट्राइल हा फरक सोसते, म्हातारे सोसत नाही.

म्हणून सील किट घ्याल तेव्हा व्हिटॉनचे, म्हणजे फ्लुओरोकार्बन रबराचे मिळते का, ते विचारा. रंगावर जाऊ नका. तपकिरी किंवा हिरवी रिंग म्हणजे व्हिटॉनच, असा बाजारात समज आहे, पण रबराला कोणताही रंग देता येतो. सीलबंद पाकीट आणि ओळखीचे दुकान यावरच भिस्त ठेवावी लागते.

याच ओघात आणखी एक. डिझेल रेडिएटरच्या पाइपांवर ठिबकत असेल तर तेही लवकर बदलावे लागतील. पाण्याचे पाइप बहुधा ईपीडीएम रबराचे असतात आणि ते रबर डिझेलपुढे अजिबात टिकत नाही. पाइप मऊ होऊन फुगतो आणि क्लिपपाशी फाटतो. इंजिनचे फाउंडेशन रबरही असेच खराब होते. उलट, पाण्याचा पाइप डिझेल लाइनला लावणे हा उद्योग तर कोणीही करू नये.

---

गंगाखेडचे भाऊ

आमच्याकडे जुन्या गाडीच्या टाकीत टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचे) ऑइल टाकण्याची पद्धत आहे. नवे डिझेल ‘कोरडे’ आहे, त्याने पंप झिजतो, असे सांगतात. काही जण थंडीत रॉकेलही मिसळतात. यात कितपत तथ्य आहे?

---

वाळूजकर

भाऊ, गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणगुण कमी होतो, एवढा भाग खरा आहे. पण म्हणूनच शुद्धीकरण कारखान्यांना त्यात वंगणासाठी पूरक द्रव्य मिसळावे लागते. भारतीय मानक १४६० मध्ये त्याची चाचणी आहे आणि झिजेचा व्रण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा असून चालत नाही. पेट्रोल पंपावर मिळणारे डिझेल ही अट पाळूनच येते. बिनटर्बो, यांत्रिक पंपाच्या जुन्या गाडीत थोड्या टू-टी ऑइलने नुकसान झाल्याचे मी पाहिलेले नाही, फायदाही मोजता येण्यासारखा दिसलेला नाही. गळती तर त्याने थांबणारच नाही. ज्या गाडीत कॉमन रेल (सर्व इंजेक्टरांना एकाच नळीतून खूप दाबाने डिझेल देणारी, संगणकावर चालणारी रचना) किंवा सायलेन्सरमध्ये फिल्टर आहे, तिच्यात मात्र हा प्रयोग नको.

रॉकेल मिसळणे बेकायदेशीर आहे, आणि वंगणगुण घटवणारे असल्यामुळे रोटरी पंपाला थेट घातकही आहे. या पंपाला वंगण म्हणून डिझेलच मिळते, वेगळे ऑइल नसते.

---

तेलकट हात

भाऊ, आपल्या भागात टू-टी ऑइलपेक्षा मोठा प्रश्न ड्रमचा आहे. शेतावर ट्रॅक्टरसाठी साठवलेल्या ड्रममधून गाडीत डिझेल ओतले जाते. अर्धा रिकामा ड्रम दिवसा तापतो, रात्री थंड होतो, आतल्या हवेतले पाणी भिंतीवर धरते आणि तळाला जाते. ते पाणी रोटरी पंपात गेले की रोटर गंजून अडकतो. ड्रम वापरायचाच असेल तर तळापासून चार बोटे वरून ओढा आणि गाडीच्या फिल्टरमधले पाणी पावसाळ्यात तरी महिन्याला काढा.

---

घाटवाट (बीड)

सुरक्षेचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहितो. ‘पेट्रोल पेटते, डिझेल पेटत नाही’ या समजुतीवर अनेक जण ओले इंजिन घेऊन मांजरसुंब्याचा घाट चढतात. डिझेलची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकेल असे किमान तापमान आपल्या मानकात ३५ अंश सेल्सिअस धरले आहे. मे महिन्यात मराठवाड्याची सावलीसुद्धा त्याच्या वर असते. शिवाय सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास डिझेल ठिणगीशिवायही पेटते, आणि भरलेल्या गाडीने घाट चढताना एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याहून कितीतरी अधिक तापतो. गळतीची फवार त्या बाजूला जात असेल, तर गाडी हलवू नये. अल्टरनेटरवर आणि सेल्फवर डिझेल ठिबकत असेल तर तेही लगेच थांबवावे.

दुसरे म्हणजे इंजेक्टर पाइपवरची गळती बोटाने चाचपू नये. जुन्या इंजिनातही इंजेक्टर शंभराहून अधिक बार दाबाला उघडतो. कॉमन रेलमध्ये हा दाब १,६०० बार किंवा त्याहूनही वर जातो. सुईएवढ्या छिद्रातून येणारी धार कातडी भेदून आत जाते, वर दिसतो फक्त एक ठिपका, आणि काही तासांत बोट काळे पडू लागते. असे झाले तर दुखत नसले तरी थेट शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गळती पाहायला पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा.

टाकीला छिद्र पडले तर साबणाची वडी घासून गावापर्यंत येणे समजू शकतो. ती टाकी रिकामी करून तशीच वेल्डिंगला नेणे मात्र जिवावरचा खेळ आहे. रिकाम्या टाकीत वाफ असते.

---

दुधनाकाठ

सर्वांचे आभार. सांगितलेल्या क्रमाने तपासणी केली, ती नोंदवतो.

पारदर्शक पाइपमध्ये बुडबुडे स्पष्ट दिसले. मोहरीएवढे, एकामागोमाग एक, आणि इंजिनचा वेग वाढवला की त्यांची माळ लांबत होती. कॅनमधून पुरवठा दिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पहिल्याच सेलला उठली आणि चालू राहिली. फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप काढून पाहिला असता पडद्याला कडेने चीर होती. शेवटच्या इंजेक्टरवरची टोपी बोटाने दाबताच तुटून हातात आली.

पावडरीच्या परीक्षेत दांडीची ओ-रिंग गळताना दिसली. बेल्टचे कव्हर काढल्यावर पुढच्या सीलखाली ओल आहे, पण बेल्टच्या कडेलाच डाग आहे, दात कोरडे वाटतात. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या किंचित खाली आहे, वाढलेली नाही, डिझेलचा वासही नाही. पांढरा धूर अर्थातच तसाच आहे. आता पंप उतरवावा का, आणि जुना बेल्ट ठेवता येईल का?

---

तेलकट हात

हातपंप आणि टोपी बदला, पहिली तक्रार तिथे संपेल. टोपीसोबत रिटर्नचे सुती वेष्टनाचे पाइपही सगळे बदला. त्यांना फार पैसे पडत नाहीत आणि एक तडकला म्हणजे बाकीचे रांगेत आहेत.

पुढचे सील ओले आहे म्हटल्यावर पंप उतरवावाच लागेल. बेल्ट ठेवू नका. डिझेल लागलेला बेल्ट वरून दिसतो तसा आत नसतो. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचे बेअरिंगही त्याच वेळी बदला. पंप उतरवण्याआधी पंपाची बॉडी आणि ज्या पट्टीवर तो बसतो ती पट्टी यांवर छिन्नीने एक सरळ खूण करून ठेवा. पंप गावातल्या गॅरेजमध्ये उघडू देऊ नका. ज्यांच्याकडे कॅलिब्रेशनचा टेस्ट बेंच आहे, अशा पंप रूममध्येच द्या. परभणी, नांदेड, जालना, कुठेही जा, पण बेंच डोळ्यांनी पाहा. सील किट बसवून बेंचवर तपासणे एवढेच सांगा. ‘हेड-रोटर (पंपातला डिझेल दाबून वाटणारा भाग) गेला’ असे सांगितले तर बेंचवरचे चारही नळ्यांतले डिझेलचे माप दाखवायला लावा. मापे सारखी असतील तर हेड-रोटर गेलेला नाही.

आता पांढरा धूर. तुम्ही लिहिलेला डोळे झोंबणारा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. पाणी जळत असते तर वास गोडसर आला असता आणि रेडिएटरची पातळी उतरली असती. इनडायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात डिझेल आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पडते. थंडीत त्या कप्प्याच्या भिंती उष्णता शोषून घेतात, म्हणून हीटर प्लगशिवाय ही इंजिने नीट पेटत नाहीत. परभणीत पारा दहाच्या खाली गेला की एक-दोन प्लग मेलेले असले तरी लगेच कळते. प्लगवरची जोडपट्टी काढा आणि प्रत्येक प्लगचा रोध मल्टिमीटरवर मोजा. चांगला प्लग साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी दाखवतो. मेलेला काहीच दाखवत नाही. प्लग ठीक असतील तर इंजेक्टर काढून नोझल टेस्टरवर पाहा : फवारा धुक्यासारखा हवा आणि उघडण्याच्या दाबाच्या जरा खाली धरल्यावर टोकाला थेंब जमायला नको.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) या सगळ्याच्या नंतर. इंजिन गरम झाल्यावर ऑइलचे झाकण सैल करून पाहा. झाकण जोराने थडथडत नसेल आणि खालून निळा धूर येत नसेल, तर हाफ इंजिनचा विषय सध्या काढू नका.

---

औंढेकर (जि. हिंगोली)

धाग्यात थोडे आडवे येतो. माझी २०१२ सालची छोटी कॉमन रेल डिझेल गाडी आहे. बाहेर गळतीचा थेंब नाही, पारदर्शक पाइपमध्ये बुडबुडेही नाहीत, तरी गरम असताना सेल लांबतो. थंड असताना त्यामानाने बरी उठते. स्कॅनरवर पी ००८७ हा कोड येतो. इंजेक्टर पाइप एकेक सैल करून कोणता सिलिंडर मरतो ते पाहावे, असे एकाने सुचवले आहे.

---

तेलकट हात

औंढेकर, ते अजिबात करू नका. पाइप सैल करून पाहण्याची पद्धत फक्त जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांची. कॉमन रेलमध्ये ती जीवघेणी आहे; घाटवाट यांनी वर कारण लिहिले आहेच. इंजिन बंद केल्यावरही दाब उतरायला काही मिनिटे द्यावी लागतात.

पी ००८७ म्हणजे रेलमधला दाब अपेक्षेपेक्षा कमी. या इंजिनांना उठण्यासाठी रेलमध्ये साधारण २०० बार तरी जमावे लागतात, तोवर संगणक इंजेक्टर उघडत नाही. तुमची गळती बाहेर नाही, आत आहे. झिजलेला इंजेक्टर दाबाखालचे डिझेल रिटर्नमधून सोडून देतो. गरम डिझेल पातळ असते, म्हणून ते झिजलेल्या फटीतून अधिक निसटते आणि त्रास गरम असतानाच जास्त दिसतो.

परीक्षा स्वस्त आहे. चारही इंजेक्टरांचे रिटर्न पाइप काढून प्रत्येकाला सारख्या मापाची बाटली जोडा, इंजिन ठरावीक वेळ चालवा आणि बाटल्या शेजारी ठेवा. एकीत बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट डिझेल असेल तर तो इंजेक्टर दोषी. चारही सारख्या आणि कमी असतील, तर मग डिझेल फिल्टर, रेलचा दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह आणि सर्वांत शेवटी हाय प्रेशर पंप. फिल्टर कापून त्यात चमकी दिसली तर पंपाचा धातू सुटतो आहे, असे समजावे. तेव्हा नुसते इंजेक्टर बदलून उपयोग नाही, टाकीपासून सगळी लाइन धुवावी लागते.

इंजेक्टर बदललाच तर त्यावर छापलेला कोड स्कॅनरने गाडीच्या संगणकात भरून घ्या. तो न भरता गाडी चालते, पण खडखडते आणि धूर सोडते, आणि मग नव्या इंजेक्टरला शिव्या बसतात.

---

मांजराकाठ

पीयूसीसाठी कोणी चिंतेत असेल तर : बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट आहे, बीएस-४ ला ५०. पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगलाही आधी हेच पाहतात. चाचणीआधी इंजिन पूर्ण गरम करा आणि एअर फिल्टर बदला. काळ्या धुराचे निम्मे रुग्ण फिल्टरच्या धुळीचे असतात, असे माझे मत.

---

दुधनाकाठ

काम पूर्ण झाले, म्हणून पुढची माहिती देतो. चारपैकी दोन हीटर प्लग मेलेले निघाले. इंजेक्टर टेस्टरवर लावल्यावर तीन नोझलांचा फवारा चांगला होता. चौथ्याच्या टोकाला थेंब धरत होता, ते नोझल बदलले. पंप बेंचवर लावला, चारही मापे जवळपास सारखी आली, त्यामुळे हेड-रोटरला हात न लावता फक्त सील किट बसवले. बेल्ट आणि टेन्शनर नवे घातले. गाडी आता तोंड चढाकडे करून उभी केली तरी पहिल्या सेलला उठते. पंप आणि फरशी दोन्ही कोरडे आहेत.

दोन शंका उरल्या आहेत. पंप बसवल्यापासून इंजिनचा आवाज पूर्वीपेक्षा किंचित कडक, ठोके मारल्यासारखा येतो, विशेषतः थंड असताना. आणि फिल्टरकडच्या एका बँजो बोल्टपाशी (डिझेलचा पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) पुन्हा अगदी हलकी ओल दिसते. तिथले तांब्याचे वायसर जुनेच आहेत, कारण त्या मापाचे इथे मिळाले नाहीत.

---

तेलकट हात

कडक आवाज म्हणजे टायमिंग थोडे पुढे गेले असावे. छिन्नीची खूण जुळवून पंप बसवला असेल तरी नव्या बेल्टचा ताण वेगळा असल्याने एवढा फरक पडतो. पंपाच्या हेडच्या मध्यभागी एक प्लग असतो. तो काढून तिथे डायल गेज लावून प्लंजरची हालचाल मोजतात आणि पंप किंचित फिरवून पुस्तकातल्या मापावर आणतात. कानावर टायमिंग लावून घेऊ नका. जास्त पुढे राहिले तर पिस्टनवर ताण येतो. मागे गेले तर तुमचा पांढरा धूर परत येईल.

वायसरसाठी उपाय घरातच आहे. तांबे एकदा दाबले गेले की कडक होते, म्हणून जुने वायसर नीट बसत नाही. ते चिमट्यात धरून गॅसवर लालसर होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. वरची काळी पापडी बारीक पॉलिश पेपरने सपाट काचेवर घासून काढा. दोन्ही बाजू एकसारख्या चमकल्या पाहिजेत, चरा राहता कामा नये. बोल्ट आवळताना पान्याला लांब पाइप लावून जोर करू नका, फिल्टरच्या डोक्याचे आटे अ‍ॅल्युमिनियमचे असतात. इंजेक्टरच्या खाली बसणारे उष्णतारोधक वायसर मात्र असे पुन्हा वापरता येत नाहीत. ते दर वेळी नवेच घालावे लागतात. नोझल बदलताना ते नवे घातले होते का, तेवढे विचारून घ्या. नसतील घातले तर इंजेक्टरच्या बुडाशी काळे डांबर जमू लागेल आणि ‘फुक फुक’ असा आवाज येईल.